मोडलेला बाण आणि पाळलेला शब्द

(शब्बाथशाळेचे मोठे वर्ग व मंडळीतील अभ्यासगट यांच्यासाठी पाठ)

शास्त्रभाग : यहोशवा ९:३-२७ व १०:१-१०, २ शमुवेल २१:१-१४, नहेम्या ३:७, इफिसकरांस २:११-१९

पाठांतराचे वचन : स्तोत्र १५:४ (उत्तरार्ध)

पाठाचा हेतू : परक्याशी केलेली मैत्री ही दोन माणसांपुरती राहू नये, ती मंडळीने आपला शब्द म्हणून पाळावी, व पुढल्या पिढीच्या हाती द्यावी, हे शिकणे.

प्रास्ताविक

घोडे, धुळीचे लोट, पिस्तुले आणि शेवटी 'चांगल्यांचा' विजय, असे अमेरिकन 'वेस्टर्न' चित्रपट आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी तरुणपणी पाहिले असतील. त्यांतील बहुतेक कथांत वसाहत करावयास आलेला गोरा मनुष्य शूर आणि डोंगरातला मूळ रहिवासी क्रूर, अशी वाटणी आधीच ठरलेली असे. १९५६ ते १९५८ या काळात अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखविलेली 'ब्रोकन अ‍ॅरो', म्हणजे 'मोडलेला बाण', ही मालिका मात्र निराळी होती. एलियट अर्नोल्ड यांच्या १९४७ सालच्या कादंबरीवरून १९५० मध्ये चित्रपट निघाला आणि त्याच कथेवरून पुढे ही मालिका झाली. टॉम जेफर्ड्स हा गोरा मनुष्य आणि कोचीस हा अपाची लोकांचा पुढारी, या दोघांची मैत्री हा तिचा विषय. नावातला मोडलेला बाण ही तहाची खूण आहे.

अशी कथा पाहून आपल्याला बरे वाटते. दोन शत्रू मित्र झाले, बाण मोडला, गोष्ट संपली. परंतु पवित्र शास्त्र तेथे थांबू देत नाही. ते आपल्याला पुढचा प्रश्न विचारते : ही दोन माणसे मेल्यावर त्यांच्या मैत्रीचे काय झाले? दिलेला शब्द त्यांच्या मुलांनी पाळला काय? या प्रश्नाचा विचार आपण प्रथम शास्त्रातून, मग त्या खऱ्या कोचीसच्या इतिहासातून, आणि मग आपल्या खानदेशातून व हुबळीतून करू.

१. गिबोनकरांना दिलेला शब्द

गिबोनचे लोक यहोशवाकडे आले ते सोंग घेऊन. जुनी गोणपाटे, फाटून शिवलेले बुधले, ठिगळांचे जोडे, बुरसलेली भाकर. आपण फार दूर देशाहून आलो, असे त्यांनी सांगितले. खरे पाहता ते अगदी शेजारचे होते. इस्राएलाच्या सरदारांनी परमेश्वराला विचारले नाही आणि शपथ देऊन मोकळे झाले. तीन दिवसांनी लबाडी उघडकीस आली.

आता शपथ मोडावयास याहून चांगले निमित्त कोणते? फसवून घेतलेला करार! लोकांनी कुरकुरही केली. परंतु सरदार म्हणाले, परमेश्वराच्या नावाने शब्द गेला आहे, तो आता मोडावयाचा नाही. गिबोनकरांना लाकूडतोडे व पाणके म्हणून ठेवले खरे, पण त्यांना मारू दिले नाही. इतकेच नव्हे, तर दहाव्या अध्यायात पाच राजे गिबोनावर चालून आले तेव्हा यहोशवा गिलगालाहून रातोरात चालून गेला तो याच लोकांच्या बचावासाठी. ज्यांनी फसविले त्यांच्यासाठी रात्रभर चालणे, हे त्या करारातले लहानसे कलम नव्हते. स्तोत्र १५ मध्ये परमेश्वराच्या मंडपात कोण राहील याचे उत्तर देताना, शपथ घेतल्यावर स्वतःचे नुकसान झाले तरी जो फिरत नाही, तो, असे सांगितले आहे. त्याचा अर्थ येथे उलगडतो.

मग पुष्कळ वर्षे लोटली. शौल राजा झाला. गिबोन हे गाव बन्यामिनाच्या वाट्यात होते आणि शौल बन्यामिनीच होता. म्हणजे हे लोक त्याच्या अगदी दाराशी राहणारे. इस्राएल व यहूदा यांच्याविषयीच्या आवेशाने शौलाने त्यांचा संहार करू पाहिला. 'आवेश' हा शब्द वर्गात थांबून वाचावा. शौलाने हे द्वेषाने केले असे शास्त्र म्हणत नाही. आपल्या लोकांच्या भल्यासाठी करतो आहोत असेच त्याला वाटत असले पाहिजे.

शौल मेला. दावीद राजा झाला. आणि दाविदाच्या काळात तीन वर्षे ओळीने दुष्काळ पडला. दाविदाने परमेश्वरास विचारले तेव्हा उत्तर मिळाले ते शौलाच्या पापाचे. ज्याने शब्द मोडला तो थडग्यात होता. ज्यांना तो मोडल्याचे आठवतही नव्हते त्यांच्या शेतात पीक नव्हते. मनुष्याची स्मरणशक्ती तोकडी आहे, परंतु परमेश्वराजवळ करारांची वही बंद होत नाही.

पुढे शौलाच्या सात वंशजांना फाशी दिले गेले, हा भाग कठीण आहे. शिक्षकांनी तो टाळू नये, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, दुष्काळाचे कारण परमेश्वराने सांगितले. सात जण द्या अशी मागणी मात्र गिबोनकरांची होती. दुसरी, प्रार्थना ऐकली गेली ती रिस्पा नावाच्या आईने कापणीपासून पाऊस पडेपर्यंत त्या देहांची राखण केल्यावर आणि दाविदाने त्यांच्या अस्थी सन्मानाने पुरल्यावर. आणि आपण तर त्या एकाचे लोक आहोत, ज्याने स्वतःच्या देहाने सर्वांचा हिशेब चुकता केला. आता कोणाचे रक्त द्यावयाचे उरले नाही. शब्द पाळावयाचे मात्र उरले आहेत.

२. खरा कोचीस व खरा जेफर्ड्स

मालिकेतील दोन्ही नावे खरी आहेत. १८६१ साली अमेरिकेच्या आजच्या अ‍ॅरिझोना राज्यात बॅस्कम नावाच्या तरुण सैनिकी अधिकाऱ्याने कोचीसला बोलणी करण्यासाठी तंबूत बोलाविले आणि एका मुलाच्या पळवापळवीचा आरोप ठेवून त्याला धरू पाहिले. तो मुलगा कोचीसच्या लोकांनी नेलेलाच नव्हता. कोचीस तंबूचे कापड फाडून निसटला. पुढे दोन्हीकडचे ओलीस मारले गेले, त्यांत त्याचा भाऊही होता. बोलणीच्या तंबूत झालेल्या त्या विश्वासघाताने दहा वर्षांहून अधिक काळ रक्त सांडले.

त्या दिवसांत जेफर्ड्स टपाल वाहतुकीच्या कामाशी संबंधित होता. तो एकटाच कोचीसच्या तळावर गेला आणि तेथून त्यांची मैत्री झाली, असे सांगतात. १८७२ मध्ये जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांना तहासाठी पाठविण्यात आले. हे युद्धात उजवा हात गमावलेले, भक्तिमान गृहस्थ. लोक त्यांना 'ख्रिस्ती सेनापती' म्हणत. जेफर्ड्सला वाटाड्या म्हणून घेऊन, फौज मागे ठेवून, ते ड्रॅगून पर्वतात गेले व बरेच दिवस अपाची लोकांत राहिले. तह झाला. लोकांना त्यांच्याच डोंगरात राखीव मुलूख मिळाला आणि जेफर्ड्सला तेथला सरकारी एजंट नेमण्यात आले. कोचीसने आपला शब्द मरेपर्यंत पाळला. १८७४ मध्ये तो वारला. त्याला कोठे पुरले हे गोऱ्या लोकांपैकी एकट्या जेफर्ड्सला ठाऊक होते, आणि १९१४ मध्ये स्वतः मरेपर्यंत त्याने ते कोणाला सांगितले नाही. मैत्री याहून काय निराळी असते?

परंतु कोचीसला मरून दोनच वर्षे झाली होती. १८७६ मध्ये काही थोड्या अपाचींच्या हातून दोन गोऱ्यांचा खून झाला, आणि त्या निमित्ताने तो सबंध मुलूख काढून घेण्यात आला. गुन्हा थोड्यांचा, शिक्षा सगळ्यांना. कोचीसचा मुलगा ताझा आपल्या लोकांना घेऊन सान कार्लोसच्या रुक्ष प्रदेशात गेला आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे वारला. १८८६ मध्ये जेरोनिमो शरण आल्यावर चिरिकावा अपाचींना युद्धकैदी म्हणून फ्लोरिडाला नेण्यात आले. ज्या अपाचींनी अमेरिकेच्या सैन्यात वाटाड्यांची चाकरी करून जेरोनिमोला पकडून देण्यास मदत केली होती, तेही त्याच गाडीत कैदी झाले. त्या लोकांची कैद संपली १९१३ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. आणि भक्तिमान हॉवर्ड? १८७७ मध्ये तेच हॉवर्ड नेझ पर्स या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांचा फौजेनिशी कित्येक महिने पाठलाग करीत होते.

हॉवर्ड ढोंगी होते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. जेफर्ड्सचे प्रेम तर निखालस होते. परंतु त्यांचा शब्द ज्यांच्या नावाने दिला गेला, त्या समाजाने तो आपला मानला नाही. समाजाच्या लेखी ती दोन भल्या माणसांची खाजगी गोष्ट होती.

३. खानदेशातील भिल्ल

अशी गोष्ट पाहण्यास अमेरिकेपर्यंत जावयास नको. आपल्या सातपुड्यात व अजिंठ्याच्या डोंगरांत तीच घडली, आणि तीही कोचीसच्या आधी.

पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत खानदेश लुटालुटीने व दुष्काळाने उजाड झाला होता. भिल्ल नाईक घाटवाटांची राखण करीत व त्याबद्दल त्यांना परंपरेने हक्क मिळत. ते हक्क बुडाल्यावर लूट हाच धंदा झाला. त्यांना वठणीवर आणण्याचे जे उपाय झाले त्यांत कोपरगावचा प्रसंग विशेष भयंकर. समेटाच्या नावाने बोलावून तेथे भिल्लांची कत्तल करण्यात आली. बॅस्कमच्या तंबूची येथे आठवण होते.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला. पहिली काही वर्षे पलटणी डोंगरांत पाठवून झाले; शिपाई तापाने आजारी पडत आणि भिल्ल रानात नाहीसे होत. शेवटी १८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या सरकारने धोरण बदलले. मागचे गुन्हे माफ करावे, शेतीसाठी जमीन व तगाई द्यावी, नाईकांचे हक्क मान्य करावे, आणि भिल्लांचीच एक पलटण उभारावी, असे ठरले. पलटणीचे काम बावीस वर्षांच्या लेफ्टनंट जेम्स औट्रम याच्याकडे आले. आज जळगाव जिल्ह्यात असलेले धरणगाव हे त्याचे ठाणे झाले.

औट्रम बंदोबस्त न घेता भिल्लांच्या पाड्यांवर जाऊ लागला. त्यांच्याबरोबर शिकारीस गेला, त्यांच्या झोपड्यांत राहिला. सुरुवातीस पलटणीत येणारे बोटांवर मोजण्याइतके होते. कवायतीसाठी एका ओळीत उभे करतात ते एकदम गोळ्या घालण्यासाठी, असा संशय त्यांच्या मनात असे. आणि ज्यांच्या बापांना समेटासाठी बोलावून मारले, त्यांनी संशय का घेऊ नये? पण तो टिकून राहिला, आणि हळूहळू शेकडो लोक आले. १८३५ मध्ये तो खानदेश सोडून गेला तेव्हा मुलूख शांत होता. दहा वर्षांपूर्वी ज्या वाटा सैन्यालाही बंद होत्या, त्या वाटांची राखण आता भिल्ल शिपाई करीत होते.

हे काम चांगले होते यात शंका नाही. एका तरुणाने निःशस्त्र होऊन जे मिळविले ते तोफांना मिळाले नव्हते. परंतु आपण शास्त्राचा प्रश्न येथेही विचारला पाहिजे. औट्रमच्या प्रेमाचे दुसरे टोक सरकारच्या हाती होते. सरकारला मित्र नको होते, शांत मुलूख हवा होता. १८५७-५८ च्या धामधुमीत खाज्या नाईकाने सातपुड्यात बंड उभारले. हा खाज्या पूर्वी सरकारच्याच चाकरीत सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा होता. १८५८ मध्ये आंबापाणी येथे लढाई झाली. भिल्ल पलटण सरकारच्या बाजूने राहिली, म्हणजे भिल्लासमोर भिल्ल उभा राहिला. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला आणि ज्या रानात भिल्ल पिढ्यान्पिढ्या लाकूड, मोहाची फुले व डिंक गोळा करीत, त्या रानात तो परवान्यावाचून चोर ठरला. मैदानात जमिनी होत्या त्या पुष्कळांच्या सावकाराच्या व मोठ्या शेतकऱ्यांच्या खात्यावर गेल्या. १९७२ मध्ये शहादे भागात श्रमिक संघटना उभी राहिली ती याच जमिनींच्या व मजुरीच्या दुःखातून, आणि आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्र शासनाला १९७४ मध्ये कायदा करावा लागला. औट्रमने तगाई देऊन नांगराला लावलेल्या माणसाचे नातू-पणतू आपली जमीन मागत होते.

शौलाच्या काळात गिबोनकरांवर हेच आले. तलवारीने येवो अथवा कागदाने येवो, विसर पडला की शेजाऱ्याची जमीन जाते.

४. हुबळीची 'सेटलमेंट'

आता घराजवळ येऊ. आम्ही धारवाडच्या सप्तापुरात राहतो. येथून हुबळी वीस-बावीस किलोमीटर. तेथे 'सेटलमेंट' नावाने ओळखली जाणारी वस्ती आहे; रिक्षावाल्याला तेवढेच सांगितले की पुरे. हे नाव कोठून आले हे आपल्या मुलांना ठाऊक नसते, म्हणून सांगावे लागते.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ व १९२४ मध्ये तो विस्तारला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार आहेत, असे त्याचे गृहीत होते. मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग इत्यादी ठिकाणी वसाहती झाल्या. कोरवा, हरणशिकारी, गंटीचोर, कैकाडी, पारधी अशा लोकांना तेथे ठेवीत. हजेरी लागे, परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे, मोठी माणसे गिरण्या-कारखान्यांत कामाला जात व मुले शाळेत. गंटीचोर या एका नावाचाच विचार करावा. ज्या पोराचे जातीचे नावच 'चोर' या शब्दाने संपते, त्याने शाळेत नाव कसे सांगावे?

आपल्या मंडळ्यांनी येथे लक्ष दिले पाहिजे, कारण यांतील काही वसाहतींचा कारभार सरकारने ख्रिस्ती मिशनांकडे सोपविला होता. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनने चालविली. त्या मिशनरींनी शाळा काढल्या, दवाखाने चालविले, हाताला धंदे शिकविले. ज्यांना गावात पाय ठेवू देत नसत त्यांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्याबद्दल देवाचे आभार मानावे. परंतु त्याच वसाहतीला तारेचे कुंपण होते आणि हजेरीची वही मिशनच्या कचेरीत असे. ज्या हाताने औषध दिले त्याच हाताने फाटकाला कुलूप लावले. हे सांगण्यात पूर्वजांचा अपमान नाही. शास्त्राने दाविदाच्या राज्यालाही शौलाचा हिशेब दाखविला, आणि दाविदाने तो मान्य केला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा स्वतंत्र भारतात रद्द झाला. हे लोक 'विमुक्त' झाले, आणि हा दिवस ते विमुक्त दिन म्हणून पाळतात. परंतु त्यानंतर 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे आले, आणि गावात चोरी झाली की पोलीस प्रथम कोणाच्या झोपडीकडे वळतात हे सर्वांस ठाऊक आहे. विमुक्तांचे जिणे त्यांच्याच लेखणीतून मराठीत आले. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या आत्मकथनास १९८१ चा, व लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'स १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या मंडळीच्या वाचनालयात ही पुस्तके नसतील तर ठेवावी.

इफिसकरांच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की ख्रिस्ताने मधली आडभिंत आपल्या देहाने पाडली. तारेचे कुंपण १९५२ मध्ये कायद्याने गेले. मनातले गेले काय, हा प्रश्न कायद्याच्या हातचा नाही. तो मंडळीच्या हातचा आहे.

५. आपल्यासाठी शिकवण

(अ) मैत्रीला साक्षीदार असावे. योनाथान व दावीद यांनी परमेश्वरासमोर करार केला आणि तो दोघांच्या संतानापर्यंत पोचेल असे बोलले (१ शमुवेल २०). म्हणूनच सात जणांच्या त्या कठीण प्रसंगी दाविदाने योनाथानाच्या मुलाला, पांगळ्या मफीबोशेथाला, राखून ठेवले. एक शब्द शौलाने मोडला, दुसरा दाविदाने पाळला. दोन्ही एकाच अध्यायात आहेत. आपल्यापैकी एखाद्या बहिणीची वस्तीवर मैत्री असते. ती तेथे जाते, आजारपणात बसते. ती बदली होऊन गेली की मंडळीचे पाऊल तेथे पडत नाही. असे होऊ नये. तिची मैत्री मंडळीची व्हावी, कार्यवृत्तात लिहिली जावी, आणि तिच्या मागून कोण जाणार हे ती असतानाच ठरावे.

(ब) थोड्यांच्या दोषावरून सगळ्यांना मोजू नये. आमच्या सप्तापुरात आता स्पर्धा परीक्षांचे वर्ग गल्लोगल्ली झाले आहेत, आणि उत्तर कर्नाटकातील दूरदूरच्या खेड्यांतून व तांड्यांतून मुले-मुली खोली शोधीत येतात. आपल्या कुटुंबांपैकी काहींच्या घरांत भाड्याच्या खोल्या आहेत. दाराशी उभ्या असलेल्या मुलाला आपण प्रथम काय विचारतो? नाव, गाव, आणि मग आडून आडून जात. "खोली रिकामी नाही" हे वाक्य आपण कोणत्या उत्तरानंतर म्हणतो, हे परमेश्वर ऐकत असतो. हा मुलगा उद्या फौजदार होईल किंवा तहसीलदार होईल म्हणून त्याला खोली द्यावी असे आम्ही म्हणत नाही. तो शेजारी म्हणून आला आहे, एवढे पुरे.

(क) ज्यांना पाणके केले तेच भिंत बांधतील. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेची भिंत बांधणाऱ्यांची लांब यादी आहे. घाईने वाचताना ती आपण सोडून देतो. तिच्या सातव्या वचनात गिबोनकर मलट्या व गिबोनची माणसे डागडुजी करताना दिसतात. यहोशवापासून नहेम्यापर्यंत शेकडो वर्षे गेली. गोणपाट पांघरून आलेले, लाकूडतोडे ठरलेले, शौलाने मारलेले हे लोक शेवटी देवाच्या नगराची भिंत इतरांच्या खांद्याला खांदा लावून बांधीत आहेत. शब्द पाळला गेला तर कोठपर्यंत जातो ते येथे दिसते. आपल्या मंडळीच्या पंचमंडळात, शब्बाथशाळेच्या शिक्षकांत, गायनात, अशी नावे आहेत काय? की ती केवळ नाताळच्या कपडेवाटपाच्या यादीत आहेत?

६. शिक्षकांसाठी

लहान वर्गांना गिबोनकरांच्या सोंगाची गोष्ट व यहोशवाचे रातोरात चालणे एवढेच सांगावे. मुले बुरसलेल्या भाकरीवर हसतील. हसू द्यावे, आणि मग विचारावे की लबाडी कळल्यावरही यहोशवा का गेला.

मोठ्या वर्गांत पुढील प्रश्नांवर चर्चा घ्यावी.

१. फसवून घेतलेला शब्दही पाळावा काय? यहोशवा ९:१८-२० मधील सरदारांचे उत्तर आपल्या शब्दांत सांगा.

२. शौलाचे पाप दुष्काळाच्या रूपाने दाविदाच्या काळात का दिसले? वाडवडिलांच्या वागणुकीबद्दल आपली काही जबाबदारी असते काय?

३. जेफर्ड्स, हॉवर्ड व औट्रम या तिघांत कोणाची मैत्री कोणत्या ठिकाणी तोकडी पडली? त्यात त्यांचा दोष किती व त्यांच्या समाजाचा किती?

४. आपल्या गावात 'त्या लोकांपासून जपून राहा' असे कोणाविषयी सांगितले जाते? ते आपण कोणाकडून ऐकले? त्या लोकांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला माहीत आहे काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मोठ्याने मागू नये. मुलांनी ते घरी नेऊन आईबापांना विचारावे. त्या समाजातील मुले आपल्याच वर्गात बसलेली असू शकतात, हे शिक्षकांनी कधीही विसरू नये.

एक कामही द्यावे. ३१ ऑगस्टच्या जवळ येणाऱ्या रविवारी वर्गाने जवळच्या वस्तीतील एखाद्या वयस्क गृहस्थास किंवा आजीबाईस उपासनेस बोलवावे आणि जुन्या दिवसांविषयी त्यांना बोलावयाचे असेल ते ऐकावे. भाषण आपण करू नये, भेटवस्तूचा फोटो काढू नये. पुढल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन यावे, आणि त्याच्या पुढल्या महिन्यात पुन्हा जावे. पहिली भेट कोणीही देतो; करार सुरू होतो तो दुसऱ्या भेटीपासून.

प्रार्थनेचे विषय

सातपुड्यातील व सह्याद्रीतील आदिवासी मंडळ्यांसाठी, व त्यांच्या जमिनी-जंगलांच्या हक्कांसाठी. हुबळी, गदग, सोलापूर, विजापूर येथील विमुक्त कुटुंबांसाठी, व विशेषेकरून चौकीवर विनाकारण नेल्या जाणाऱ्या तरुणांसाठी. परगावी खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि ज्यांच्या हाती दाराची किल्ली आहे त्या आपणां सर्वांसाठी. आपल्या वाडवडिलांनी दिलेले जे शब्द आपण विसरलो, ते प्रभूने आपल्याला दुष्काळावाचूनच आठवून द्यावे, व ते पाळण्यास रात्रभर चालण्याचे बळ द्यावे. आमेन.